गुनिल्डा (लेक सुपीरियर): थंड पाण्यातल्या बुडालेल्या यॉटवर डायव्ह करायचंय, सुरुवात कुठून करू?

सागरवेडा

नमस्कार मंडळी. मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या टोरांटोच्या जवळ राहतो. स्कूबा तारकर्लीला शिकलो, ओपन वॉटर आणि अॅडव्हान्स्ड दोन्ही झालंय, मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड आणि अंदमानात हॅवलॉक इथे डायव्ह केलेत, म्हणजे सगळं कोमट पाणी, तीन एमेमचा वेटसूट आणि वर आलं की ऊन. इथे कॅनडात आल्यापासून पाण्यात उतरलोच नाही कारण थंडीची भीती.

आता विषय असा की मध्ये गुनिल्डाचे फोटो बघितले आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ही एका कोट्यधीशाची वाफेवर चालणारी यॉट, १८९७ साली स्कॉटलंडमध्ये लीथला बांधलेली, १९५ फूट लांब, १९११ च्या ऑगस्टमध्ये लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्याला रॉसपोर्ट गावाजवळ बुडाली आणि आजही तळाशी सरळ उभी आहे. शंभर वर्षं उलटून गेली तरी नाळेवरची (जहाजाच्या पुढच्या टोकावरची) सोनेरी नक्षी दिसते हो! डेकवरची सामग्री जागच्या जागी आहे, आत पियानो आहे म्हणतात. मी असं काही आयुष्यात बघितलं नाही.

खोली ८० मीटरपेक्षा थोडी जास्त आहे हे मला माहितीये. एक ओळखीचा डायव्हर म्हणतो की डीपची स्पेशालिटी कर, पाठीवर दोन टाक्या घे, झपकन खाली जा, पाच मिनिटं बघ आणि वर ये, एवढं काय त्यात. मला ते पटत नाहीये पण नेमकं का पटत नाहीये ते सांगताही येत नाहीये. तर माझे प्रश्न, ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा सूट) लागणारच का, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) गोठतो म्हणतात ते काय असतं, आणि माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची. ज्यांनी या भागात डायव्हिंग केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

डेको_थांबा

त्या ओळखीच्या माणसाबरोबर डायव्हला जाऊ नका, हे आधी सांगतो. तुम्हाला का पटत नाहीये ते आकड्यांत बघा.

८० मीटरवर दाब साधारण ९ बार. म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा ९ पट गॅस. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरलं तर खाली १८० लिटर. इथे भाड्याने मिळते ती ८० नंबरची अॅल्युमिनियमची टाकी भरलेली असली तर २२०० लिटरच्या आसपास, म्हणजे तळाशी ती १२ मिनिटांत रिकामी, आणि हे शांत असताना. ४ डिग्रीच्या पाण्यात, अंधारात, पहिल्यांदा एवढ्या खोल गेलेला माणूस शांत नसतो, त्याचा श्वास सहज दुप्पट होतो. दोन टाक्या घेतल्या तरी हिशोब फार बदलत नाही कारण वर यायलाही गॅस लागतो आणि बडीला (डायव्हमधल्या जोडीदाराला) द्यायची वेळ आली तर त्याच्या वाटणीचाही.

दुसरं, साधी हवा तिथे चालतच नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, त्याला ९ ने गुणा, ऑक्सिजनचा दाब १.८९ बार येतो. आपण कामाची मर्यादा १.४ धरतो आणि डेकोत (वर येताना घ्यायच्या थांब्यांत) निवांत असताना १.६. त्याच्या वर ऑक्सिजनच विषारी होतो, फिट येऊ शकते आणि पाण्याखाली फिट आली की तोंडातून रेग्युलेटर सुटतो. नायट्रोजनची नशा तर वेगळीच, एवढ्या खोलीवर हवेवर गेलेल्या माणसाला आपला गेज वाचता येतोय पण त्याचा अर्थ लागत नाहीये अशी अवस्था होते. म्हणून ट्रायमिक्स, म्हणजे हीलियम मिसळलेला गॅस. तळासाठी ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, निम्म्याहून जास्त हीलियम, आणि वरच्या टप्प्यांसाठी वेगळ्या टाक्यांत वेगळे गॅस. गुनिल्डावर जाणारे आता बहुतेक रिब्रीदरवर (सोडलेला श्वास शुद्ध करून परत वापरणाऱ्या यंत्रावर) जातात कारण ओपन सर्किटवर, म्हणजे साध्या टाकी-रेग्युलेटरवर, एका डायव्हला जेवढं हीलियम फुकट बुडबुड्यांत जातं त्याचा खर्च बघून डोळे पांढरे होतील.

तिसरं म्हणजे डेको. तळाशी २० मिनिटं घालवलीत तर वर येताना थांबे घेत घेत तासाभराहून जास्त वेळ त्याच गार पाण्यात लोंबकळावं लागतं. तुमचा मित्र म्हणतो ते झपकन खाली जाणं सोपं आहे, झपकन वर येणं नाही. १९७० मध्ये एक आणि १९८९ मध्ये एक, असे दोन डायव्हर गुनिल्डावर जीवाला मुकलेत, आणि दोघंही नवशिके नव्हते.

रस्ता आहे, पण लांबचा आहे. ड्रायसूट, मग रेस्क्यू, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा), मग डेको प्रोसीजर्स, मग ६० मीटरपर्यंतचा ट्रायमिक्स, मग १०० मीटरपर्यंतचा. मधल्या प्रत्येक पायरीवर भरपूर डायव्ह. घाई न करता काही वर्षं धरा.

ओंटारिओतली आत्या

सागरवेडा, तुमची पोस्ट वाचून इतकं बरं वाटलं! मी टेक डायव्हर नाही, मी फक्त उथळ पाण्यातली रेक्स (बुडालेली जहाजं) बघते, पण गुनिल्डाची गोष्ट मला फार जवळची आहे. आम्ही थंडर बेला होतो तेव्हा रॉसपोर्टला बऱ्याचदा जाणं व्हायचं, सतरा नंबरच्या हायवेवरून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, छोटंसं गाव, समोर बेटंच बेटं आणि पाणी असं काळंनिळं की बघत राहावं. त्या बेटांमध्येच मॅकगार्वी शोल नावाचा पाण्याखालचा खडक आहे, त्यावरच ही यॉट आदळली.

मालक होता विल्यम हार्कनेस, स्टँडर्ड ऑइलच्या पैशातला माणूस. १९११ च्या उन्हाळ्यात बायकामुलं, पाहुणे आणि खलाशी घेऊन सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्याची सफर चालली होती. या किनाऱ्याला वाट दाखवायला इथला माणूस सोबत घ्यावा म्हणून वाटेत एकाने १५ डॉलर सांगितले, नको म्हटलं. पुढे जॅकफिशला दुसऱ्याने २५ डॉलर आणि परतीचं रेल्वेचं तिकीट सांगितलं, तेही नको. आणि मग रॉसपोर्टकडे येताना भर वेगात त्या खडकावर, नाळ पार पाण्याबाहेर वर चढली.

तरीही यॉट वाचली असती. हे मला सगळ्यात जास्त लागतं. विमा होता, पोर्ट आर्थरहून जेम्स व्हेलन नावाचा टग (जहाजं ओढणारी बोट) आणि एक बार्ज (सपाट तळाची मालबोट) आलं. सोडवणीच्या कामातला जाणता माणूस बरोबर होता, तो म्हणाला एका बार्जने भागणार नाही, दुसरं आणून यॉटला दोन्ही बाजूंनी आधार देऊन मगच ओढूया. हार्कनेस थांबायला तयार नाही. ओढली. खडकावरून सुटली, उजवीकडे कलंडली, उघड्या खिडक्यांतून पाणी आत आणि मागच्या बाजूने खाली जायला लागली, टगवाल्यांना स्वतःचा टग वाचवायला दोर तोडावा लागला. माणूस एकही गेला नाही ही देवाची कृपा, सगळे आधीच उतरले होते. तो टग नंतर थंडर बेमध्ये जपून ठेवला होता, मी बघितलाय.

तर मी काय म्हणतेय, जाणत्या माणसांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि एकदाही ऐकलं नाही, म्हणून ती तिथे खाली आहे. आता तुमचा तो ओळखीचा माणूस तुम्हाला त्याच यॉटवर कसं जायला सांगतोय ते बघा, शिकवणाऱ्याचे पैसे वाचव आणि घाई कर. मला खरंच काळजी वाटली म्हणून लिहिलं, रागावू नका.

आणि डेको_थांबा, तुम्ही हिशोब मांडलात ते फार चांगलं केलंत, नवीन मुलांना नुसतं नको म्हटलं की कळत नाही.

सागरवेडा

आत्या, रागावतोय कशाला, उलट हे सगळं मला माहितीच नव्हतं. मी फक्त फोटो बघितले होते. दुसऱ्या बार्जची गोष्ट वाचून सुन्न झालो. डेको_थांबा, तुमचे आकडे वहीत लिहून ठेवलेत, मित्रालाही पाठवतो.

म्हणजे गुनिल्डा सध्या लांब ठेवतो, सोडत नाही! पण मग ओंटारिओत पहिल्या उन्हाळ्यात काय करता येईल? आणि एक सांगा, ती एवढी टिकली कशी? आपल्याकडे समुद्रात एखादं जहाज बुडालं की काही वर्षांत त्याचा नुसता सांगाडा होतो आणि वर कोरल, शिंपले, काय काय चढतं.

मालवणी माणूस

मी सिंधुदुर्गातच डायव्हिंगचं काम करतो, कॅनडा बघितलेला नाही, पण टिकण्याचं सांगू शकतो. आपला समुद्र खारा आणि कोमट, लोखंडाला गंज लवकर चढतो आणि लाकडाला तर किडा लागतो, पाण्यातला तो लाकूड पोखरणारा किडा होडीची फळी आतून चाळणीसारखी करतो, आमच्याकडच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. गोड्या पाण्यात तो किडा नाही. त्यात ४ डिग्री म्हणजे सगळंच संथ. तिथल्या खोल तळ्यांत तळाचं पाणी वर्षभर त्याच तापमानाला असतं कारण पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड होतं आणि खाली जाऊन बसतं.

आणि आत्यांनी वाटाड्याचं सांगितलं ते अगदी खरं. मालवणच्या बंदरात किल्ल्याच्या आजूबाजूला एवढे खडक आहेत की बाहेरचा कितीही मोठा खलाशी असूदे, इथला माणूस पुढ्यात उभा केल्याशिवाय आत येऊ नये.

बाकी सगळ्यांनी घाबरवून ठेवलंय म्हणून एक बाजू मांडतो. तारकर्लीत शिकलेला माणूस थंड पाण्यात जमवू शकत नाही असं काही नाही. बॉयन्सी (पाण्यात वर-खाली न जाता तरंगत राहणं) नीट असेल, श्वास हळू असेल, मास्क काढून घालता येत असेल तर पाया तोच आहे. फक्त वजनाचा हिशोब पहिल्यापासून करा. गोडं पाणी हलकं, त्यामुळे अंगावरच्या सामानासकट १०० किलोच्या माणसाला समुद्रापेक्षा अडीच किलो शिसं कमी लागतं. पण ड्रायसूटमध्ये हवा आणि आत जाड कपडे, त्यामुळे एकूण वजन गोव्यापेक्षा बरंच जास्तच होणार. गोव्याचा आकडा घेऊन तिथे उतरू नका, किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात तपासा.

खोलपाणी

ब्रॉकव्हिलजवळ राहतो, इथेच डायव्ह करतो. उशिरा आलोय पण थंडीबद्दल आणि कुठे जायचं त्याबद्दल लिहितो, कारण त्यावर अजून कोणी बोललं नाही.

मालवणी माणसाच्या उत्तरात थोडी भर. गोड्या पाण्यात किडा नाही पण शिंपला आहे. झेब्रा आणि क्वागा जातीचे परदेशातून आलेले शिंपले ऐंशीच्या दशकापासून खालच्या लेक्समध्ये पसरले, इथल्या रेक्सवर त्यांचा एवढा जाड थर आहे की खालचं लाकूड दिसत नाही. ते पाणी गाळून पितात म्हणून इथलं पाणी काचेसारखं स्वच्छ झालंय, पण रेकचं नुकसान व्हायचं ते होतंच. सुपीरियरच्या पाण्यात कॅल्शियम फार कमी, शिंपल्याला कवच बनवायला पुरत नाही, म्हणून तिथे ते फारसे धरत नाहीत. गुनिल्डाची सोनेरी नक्षी आज उघडी दिसते त्याचं हे मोठं कारण.

आता रेग्युलेटर गोठण्याबद्दल. टाकीत २०० बार, फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीला लागणारा भाग) ते १० बारच्या आसपास आणतो, आणि गॅस असा एकदम पसरला की प्रचंड गार होतो. गोव्यात भोवतीचं पाणी २८ डिग्रीचं, ते उष्णता परत देतं, काही कळतही नाही. इथे भोवतीचं पाणीच ४ डिग्रीचं आणि गोडं पाणी शून्यालाच गोठतं, खारं जवळपास उणे दोनला, म्हणजे इथे गोठण्यापर्यंत हाताशी तेवढे अंश कमी. फर्स्ट स्टेजच्या स्प्रिंगभोवती बर्फाची साय धरते, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, मधला दाब चढत जातो आणि सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) उघडी पडते. हे मी बडीच्या बाबतीत जवळून बघितलंय, आधी बारीक फुसफुस सुरू झाली, दोन-तीन श्वासांत तिचा लोंढा झाला, तोंडाभोवती नुसते पांढरे बुडबुडे, त्याला माझा हात दिसेना म्हणून मी दंड धरला आणि माझा दुसरा रेग्युलेटर थेट ओठांना लावला. मग मागे जाऊन त्याच्या त्या बाजूचा टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. फर्स्ट स्टेजवर मिठाच्या दाण्यांसारखे बर्फाचे खडे चिकटले होते.

उपाय साधे आहेत पण रोज पाळावे लागतात. सील केलेला, थंड पाण्यासाठीचा फर्स्ट स्टेज घ्या. पाण्यात जाण्याआधी बोटीवरच्या गार हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघू नका, श्वासातल्या वाफेचं आत पाणी होतं आणि तेच गोठतं. श्वास घेत असतानाच सूटमध्ये हवा भरू नका, दोन्हीकडून एकदम गॅस ओढला की हमखास होतं. आणि दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज ठेवा, एक गेला तर दुसरा. तारकर्लीला घेतलेला रेग्युलेटर असेल तर तो सर्व्हिसवाल्याला दाखवा, थंड पाण्याचा किट बसतो का विचारा, नसेल बसत तर उन्हाळ्यात वरच्या थरात वापरा आणि खोल जाताना दुसरा.

ड्रायसूट लागणारच. कोर्स केल्याशिवाय घालून उतरू नका कारण सूटमधली हवा पायांत गेली की माणूस उलटा होऊन फुग्यासारखा वर जातो, ते सरळ करायची सवय किनाऱ्यालगत किंवा पाणी भरलेल्या जुन्या खाणीत करून घ्या. पुढे कधी ट्रायमिक्सपर्यंत पोचलात तर लक्षात ठेवा, सूटमध्ये ट्रायमिक्स भरायचा नसतो, हीलियम अंगातली ऊब पटकन ओढून घेतं, त्यासाठी हवेची किंवा आर्गॉनची वेगळी छोटी बाटली असते.

पहिला उन्हाळा कुठे? माझ्या मते सेंट लॉरेन्स नदी, ब्रॉकव्हिल आणि किंग्स्टन. ऑगस्टमध्ये नदीचं पाणी वीसच्या वर असतं, प्रवाह मात्र ओळखीच्या माणसाबरोबर शिकून घ्यावा लागतो. किंग्स्टनला वुल्फ आयलंडर टू नावाची जुनी फेरी १९८५ मध्ये डायव्हर्ससाठी मुद्दाम बुडवलीये, २४-२५ मीटरवर, मोठी आणि मोकळी.

मग टोबरमोरी. तिथे फॅदम फाइव्ह हे पाण्याखालचं राष्ट्रीय उद्यान आहे, पार्क्स कॅनडाकडे डायव्हरची नोंदणी करावी लागते. स्वीपस्टेक्स नावाचं शिडाचं जहाज १८८५ पासून बंदरातच सहा-सात मीटरवर पडलंय, स्नॉर्कल लावूनही दिसतं. नायगारा टू १९९९ मध्ये बुडवलेलं, तीसेक मीटर. तिथे थर्मोक्लाइन काय असतो ते अंगावर कळतं, वर १८ आणि थोडं खाली गेलं की ६, कपाळात कळ जाते. अरेबिया ३४ मीटरवर आहे, फार सुंदर, नांगर अजून नाळेशी आहेत, पण तिने काही डायव्हर्सचे जीव घेतलेत, त्यामुळे ती पहिल्या वर्षी नको.

आत घुसायचं नाही हे सांगायलाच नको. बाहेरून बघा, फिन्स तळापासून वर ठेवा, आणि एक खिळाही उचलू नका, इथे कायदा कडक आहे आणि खरं तर कायदा नसता तरी उचलू नये.

डेको_थांबा

खोलपाणी यांनी लिहिलंय त्यात काढण्यासारखं काही नाही. एकच जोडतो, डायव्हिंगचा वेगळा विमा काढा. प्रेशर चेंबरपर्यंत उचलून न्यायची वेळ आली तर रॉसपोर्टसारख्या ठिकाणाहून ते अंतर फार मोठं आहे, म्हणून तिकडे जाणाऱ्या टीम पुरेसा ऑक्सिजन बोटीवर बाळगतात.

सागरवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रायसूटच्या कोर्सला आजच नाव दिलंय, आधी खाण आणि मग ऑगस्टमध्ये किंग्स्टन. मित्राला आकडे पाठवले, तो अजून वाद घालतोय, पण मी त्याच्याबरोबर जाणार नाही हे त्याला सांगून टाकलं.

शेवटचा प्रश्न, हातांचं काय करायचं? जाड वेट ग्लोव्ह्ज की ड्राय ग्लोव्ह्ज? दुकानदार म्हणाला पाच एमेमचे घ्या, भागेल.

खोलपाणी

नदीत ऑगस्टमध्ये पाच एमेमने भागतं. टोबरमोरीला थर्मोक्लाइनखाली वीसेक मिनिटांत बोटं बधिर होतात, मग क्लिप उघडत नाही, सूटच्या व्हॉल्व्हचं बटण दाबलंय का नाही ते कळत नाही, आणि नेमकं वर येताना तेच लागतं. म्हणून माझं मत ड्राय ग्लोव्ह्ज, आत लोकरीचे पातळ मोजे. मनगटाच्या सीलखालून एक बारीक नळी किंवा दोरीचा तुकडा आत सरकवा म्हणजे सूटमधली हवा हातात येते आणि दाबाने चिमटा बसत नाही. पण ग्लोव्ह फाटला तर त्याच वाटेने पाणी सूटमध्ये शिरतं हेही ध्यानात ठेवा, म्हणून फाटक्या पत्र्याला हात लावायचा नाही. घ्यायच्या आधी दुकानातच ते घालून क्लिप उघडबंद करून बघा, डोळे मिटून.

ओंटारिओतली आत्या

आणि क्लिप मोठ्या घ्या, गोव्यातल्या छोट्या क्लिप या हातमोज्यांत सापडत नाहीत. किंग्स्टनची तारीख ठरली की इथे टाका, आम्ही दोघं त्या सुमारास तिकडेच असतो, बोटीवर एक जागा असेल तर मीही येईन.